बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षं: नेमकं काय करता यायला हवं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश घेतलेली मुलंमुली, त्यांचे पालक आणि नव्याने रुजू झालेले ट्यूटर शिक्षणाच्या उद्दिष्टांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातली कॉलेजं डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. अभ्यासक्रम देशभर एकच असल्याने गोव्यात किंवा बेळगावात शिकणाऱ्यांनाही ती उपयोगी पडतील.

उद्दिष्टं म्हणजे सिलॅबसच ना?

नाही. सिलॅबसमध्ये विषयांची यादी असते. चार वर्षांनी तुमच्या हातून काय घडलं पाहिजे, ते उद्दिष्ट सांगतं. 'ऑक्सिजन थेरपी' हा सिलॅबसमधला एक मुद्दा झाला. धाप लागलेल्या पेशंटला पाठीशी उशा देऊन बसवणं, ऑर्डरप्रमाणे मास्क किंवा नेझल प्रॉन्ग्ज (नाकात बसवायची ऑक्सिजनची नळी) लावणं, फ्लोमीटर ठरलेल्या लिटरवर ठेवणं आणि नंतर त्याचा श्वास, एसपीओटू (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) आणि शुद्ध पुन्हा तपासून नोंद करणं, हे सगळं कुणी न सांगता जमणं हे उद्दिष्ट झालं. मुद्दा एका लेक्चरमध्ये संपतो. उद्दिष्ट मात्र पेशंटच्या कॉटशेजारी उभं राहून करून दाखवेपर्यंत पूर्ण होत नाही.

म्हणून ट्यूटरनी पाठाची उद्दिष्टं लिहिताना 'विद्यार्थ्यांना माहिती होईल' अशी वाक्यं टाळावीत. माहिती झाली की नाही, हे तपासणार कसं? 'मोजून दाखवेल', 'धोक्याची लक्षणं ओळखेल', 'पेशंटला समजेल असं सांगेल' असं लिहिलं, की शिकवणाऱ्यालाही काय बघायचं ते कळतं आणि शिकणाऱ्यालाही.

ही उद्दिष्टं ठरवतं कोण?

१९४७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय परिचर्या परिषदेने सध्याचा अभ्यासक्रम ठरवला. तो २०२१ मध्ये राजपत्रात आला आणि २०२१-२२ च्या बॅचपासून लागू झाला. त्याआधी वर्षाच्या शेवटी एकदाच परीक्षा व्हायची, आता आठ सेमिस्टर आणि क्रेडिट पद्धत आहे. महाराष्ट्रात परीक्षा आणि पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे, तर नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतीविद्या आयोगाचा कायदा मंजूर केला. जुन्या परिषदेची जागा या आयोगाने घ्यावी, अशी त्यात तरतूद आहे. रचना बदलली तरी कॉटशेजारची कामं बदलत नाहीत, त्यामुळे शिकणाऱ्यांनी या बदलाचं फार दडपण घेऊ नये.

दहा मुख्य क्षमता म्हणतात, त्या कोणत्या?

रुग्णकेंद्री सेवा, व्यावसायिकता, अध्यापन आणि नेतृत्व, आरोग्यव्यवस्थेची जाण ठेवून काम करणं, आरोग्य माहिती आणि तंत्रज्ञान, संवाद, संघभावनेने काम, सुरक्षितता, गुणवत्ता सुधारणा आणि पुराव्यावर आधारित परिचर्या. परीक्षेला पाठ करण्यापुरती ही यादी ठीक आहे. प्रत्यक्षात त्या दहा वेगळ्या गोष्टी नाहीत. रात्री अकराला पोस्ट-ऑप, म्हणजे ऑपरेशन झालेल्या, पेशंटचं बीपी ९०/६० आलं, नाडी १२० आहे आणि ड्रेसिंग भिजलेलं आहे, हे तुमच्या लक्षात येतं. तुम्ही डॉक्टरांना फोन लावता आणि पेशंट कोण, ऑपरेशन कोणतं, आता काय दिसतंय, तुम्हाला कशाची शंका आहे आणि त्यांनी काय करावं असं वाटतं, हे क्रमाने सांगता. या दोन मिनिटांत सुरक्षितता, संवाद, संघभावना आणि व्यावसायिकता एकदमच लागतात.

माझं मत विचाराल तर दहांपैकी सुरक्षितता सगळ्यांत वर असावी. बाकीच्या क्षमतांत कच्चेपणा राहिला तर तो पुढे भरून काढता येतो. चुकीचं इंजेक्शन परत काढून घेता येत नाही.

ज्ञान, कौशल्य आणि वृत्ती हे तीन भाग कशासाठी? काम करता आलं की पुरे नाही का?

एका कामाकडे जवळून पाहिलं की उत्तर मिळेल. डॉक्टरांची ऑर्डर आहे, जेवणाआधी इन्सुलिन २० युनिट, त्वचेखाली.

आपल्याकडे इन्सुलिनच्या व्हायल दोन प्रकारच्या मिळतात. एकीत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, दुसरीत १००. सिरिंजही दोन असतात. लाल टोपणाची ४० ची, केशरी टोपणाची १०० ची. तुमच्या हातात लाल टोपणाची सिरिंज आहे आणि व्हायल १०० ची आहे. तुम्ही अगदी काटेकोरपणे २० च्या रेघेपर्यंत औषध भरलं. ते भरलं अर्धा मिलिलिटर. त्यात २० नाही, ५० युनिट आले, म्हणजे अडीचपट डोस. हात स्थिर होता, कोन बरोबर होता, स्पिरिट स्वॅब फिरवून जागा सुकू दिली होती. कौशल्य पूर्ण होतं, तरी पेशंटची साखर धोकादायक पातळीला घसरू शकते.

व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळला पाहिजे, हे माहीत असणं हा ज्ञानाचा भाग. साखर ७० च्या खाली गेली तर घाम, थरथर, घाबरेपणा, असंबद्ध बोलणं दिसतं हेही त्यातच आलं. जागा बदलून इंजेक्शन देणं, सुईला टोपण परत न लावता ती पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकणं हे कौशल्य. तिसरा भाग सगळ्यांत अवघड. वॉर्डात चाळीस पेशंट आहेत, इन्चार्ज सिस्टर घाई करतायत, तरी 'सिस्टर, एकदा डोस बघता का माझ्यासोबत?' असं म्हणायची तयारी असणं, जेवणाचा ट्रे आलाय का हे विचारल्याशिवाय इन्सुलिन न देणं, आणि चूक झालीच तर लपवण्याऐवजी लगेच सांगणं, ही वृत्ती. पेपरात पहिला भाग तपासला जातो, प्रॅक्टिकलला दुसरा. तिसरा तुमच्याबरोबर ड्यूटी करणारी सिस्टर आणि ट्यूटर रोज पाहत असतात, म्हणून त्यांचा शेरा गांभीर्याने घ्या.

कोणत्या सेमिस्टरला काय जमायला हवं?

पहिल्या दोन सेमिस्टरमध्ये शरीररचना, शरीरक्रिया, समाजशास्त्र, मानसशास्त्र, पोषण, जीवरसायन आणि नर्सिंग फाउंडेशन. प्रथमोपचार आणि आरोग्य तपासणी इथेच येते. दुसरं सेमिस्टर संपेपर्यंत नखशिखान्त तपासणी करता यायला हवी आणि निरोगी माणसाचं 'नॉर्मल' तुमच्या हाताला, कानाला ओळखीचं झालेलं असावं. तिसऱ्या-चौथ्यात प्रौढांची परिचर्या, औषधशास्त्र, विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि संसर्ग नियंत्रण. पाचव्या-सहाव्यात बालआरोग्य, मानसिक आरोग्य, समाजआरोग्याचा पहिला भाग, व्यवस्थापन आणि प्रसूतीविद्येची सुरुवात. सातव्यात संशोधन, समाजआरोग्याचा आणि प्रसूतीविद्येचा दुसरा भाग. आठवं पूर्ण इंटर्नशिपचं.

या क्रमामागे विचार आहे. निरोगी माणूस आधी, आजारी प्रौढ नंतर, मग ज्यांना स्वतःचा त्रास नीट सांगता येत नाही ते, म्हणजे तान्हं बाळ, मनोरुग्ण, कळा देणारी बाई. पहिल्या वर्षाचे विषय 'नॉन-नर्सिंग' म्हणून हलके घेणाऱ्यांना त्याची किंमत चौथ्या सेमिस्टरला मोजावी लागते.

क्रेडिट आणि तासांचं गणित काय आहे?

थिअरीला २० तासांचं एक क्रेडिट, लॅबला ४० तासांचं, क्लिनिकलला, म्हणजे प्रत्यक्ष पेशंटजवळच्या कामाला, ८० तासांचं. परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के हजेरी लागते, मात्र पदवी मिळण्याआधी क्लिनिकलची हजेरी १०० टक्के भरावी लागते. बुडालेली पोस्टिंग (वॉर्डातली किंवा गावातली नेमणूक) भरून काढावीच लागते, त्यातून सुटका नाही.

लॉगबुकवर सही मिळाली म्हणजे उद्दिष्ट पूर्ण झालं का?

कागदावर झालं. या प्रश्नावर थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण नर्सिंग शिक्षणातली सगळ्यांत मोठी गळती इथे होते.

लॉगबुकमध्ये प्रत्येक विषयाच्या प्रक्रिया दिलेल्या असतात: रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) घालणं, कॅथेटर (लघवीची नळी) केअर, सक्शन (श्वासमार्गातला कफ ओढून काढणं), आयव्ही लाइन, इंजेक्शनं, ड्रेसिंग. समोर रकाने असतात. नुसती पाहिली किंवा मदत केली ते वेगळं आणि स्वतंत्रपणे केली ते वेगळं, आणि त्यापुढे तारीख आणि सही. स्वतंत्रपणे करता येते, अशी खात्री झाल्यावरच शिकवणाऱ्याने सही करायची, असा त्याचा अर्थ आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात साठ वह्यांचा गठ्ठा टेबलावर येतो आणि एका बैठकीत सगळ्यांवर सह्या होतात. मुलं एकमेकांच्या वहीतून तारखा उतरवतात. यात एकट्या मुलांना दोष देऊन उपयोग नाही. एका ट्यूटरकडे दहा विद्यार्थी असावेत असा निकष असताना वॉर्डात ट्यूटर दिसतच नसेल, तर सही घ्यायची तरी कुणाची?

तरीही तुमच्या हातात एक गोष्ट आहे. प्रक्रिया केली त्याच दिवशी, त्याच शिफ्टमध्ये सही मागा. जी केली नाही ती कोरी ठेवा. कोरा रकाना घेऊन ट्यूटरकडे किंवा इन्चार्ज सिस्टरकडे जाऊन 'मॅडम, मला अजून सक्शन करायला मिळालेलं नाही, पुढची पोस्टिंग आयसीयूत मिळेल का?' असं विचारता येतं. भरलेला खोटा रकाना हा प्रश्न विचारण्याचा तुमचा हक्कच काढून घेतो. नोकरीत पहिल्या रात्री ट्रॅकिऑस्टॉमीचा (श्वासासाठी गळ्यात छिद्र करून नळी बसवलेला) पेशंट गुदमरायला लागतो, तेव्हा समोरचा माणूस तुमच्या लॉगबुकवर विश्वास ठेवूनच तुमच्याकडे पाहत असतो.

स्किल लॅबमधल्या पुतळ्यावर शिकून काय उपयोग?

खूप आहे, पण तो पायरीपुरता. अमेरिकन वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये चार पायऱ्या मांडल्या: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, आणि प्रत्यक्ष कामात करतो. स्किल लॅब तिसऱ्या पायरीसाठी आहे. सीपीआरमध्ये मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ देणं, हे जिवंत माणसावर सराव करून शिकताच येत नाही. तिथे पुतळाच हवा. पण पुतळा वेदनेने हात मागे घेत नाही, त्याचे नातेवाईक रडत नाहीत. चौथी पायरी वॉर्डातच.

ओएससीई (ऑब्जेक्टिव्ह स्ट्रक्चर्ड क्लिनिकल एक्झामिनेशन) परीक्षेला सगळे घाबरतात. ती नेमकी काय तपासते?

वेगवेगळ्या टेबलांवर छोटी छोटी कामं असतात, प्रत्येकाला ठरावीक मिनिटं, आणि परीक्षकाच्या हातात चेकलिस्ट. एका टेबलावर ड्रिपचे थेंब काढायचे, दुसऱ्यावर हात धुवायचे, तिसऱ्यावर आईला ओआरएस कसं द्यायचं ते सांगायचं. परीक्षकाच्या मर्जीला इथे कमी वाव असतो, हा तिचा मोठा फायदा. सरावासाठी एक गणित: ५०० मिलिलिटर सलाइन चार तासांत द्यायचं, सेटला २० थेंबांचा एक मिलिलिटर. ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. हे न अडखळता आलं पाहिजे.

बहुतेकांचे गुण मात्र वेगळ्याच ठिकाणी जातात. पेशंटचं नाव विचारलं नाही, काय करणार ते सांगितलं नाही, पडदा ओढला नाही.

मी मराठी माध्यमातून आले. इंग्रजीमुळे मागे पडेन का?

पहिले सहा महिने जड जातील. त्यानंतर नाही. पहिल्या सेमिस्टरला इंग्रजी विषय ठेवलाय तो एवढ्याचसाठी, की ऑर्डर वाचता यावी आणि नर्सिंग नोट्स लिहिता याव्यात.

संवादाच्या उद्दिष्टाचा मोठा भाग मात्र मराठीतच पार पडतो, आणि तिथे तुम्ही पुढे आहात. मधुमेह असलेल्या पंचावन्न वर्षांच्या मावशी सांगतात, 'काही नाही गं, पित्त झालंय, जीव घाबरतोय, अंगाला घाम सुटलाय.' हे ऐकून अॅसिडिटीची गोळी मागायची नसते, ईसीजी काढायला सांगायचं असतं, कारण मधुमेह्यांमध्ये हार्ट अटॅक छातीत जोरात न दुखताही येतो. 'अंगावरून जातंय' म्हणणाऱ्या बाईला पांढरं जातंय की लाल, किती दिवस, किती कपडे भिजतात, हे आडपडदा न ठेवता पण तिचा संकोच सांभाळून विचारता आलं पाहिजे. मेळघाटात कोरकू, नंदुरबारकडे भिली आणि पावरी, गडचिरोलीत गोंडी बोलणारे पेशंट येतात. तिथे पोस्टिंग असेल तर 'कुठे दुखतं', 'कधीपासून', 'श्वास घ्या', 'पाणी प्या' एवढे शब्द आशाताईंकडून आधी शिकून घ्या.

वॉर्डात आमच्याकडून फक्त बीपी, टीपीआर (तापमान, नाडी, श्वास मोजणं) आणि बेड करून घेतात. यात काय शिकायचं?

तक्रार रास्त आहे. विद्यार्थ्यांना मनुष्यबळ म्हणून वापरून घेणं चुकीचं आहे आणि ते कॉलेजच्या बैठकीत मांडायला हवं. पण टीपीआरला क्षुल्लक समजू नका. कितीतरी चार्टवर ओळीने सगळ्या पेशंटचा श्वसनदर २० लिहिलेला सापडतो. म्हणजे तो कुणी मोजलेलाच नाही. आणि पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा सगळ्यांत आधी बदलतो तो श्वासच.

नाडी मोजून झाली तरी मनगटावरचा हात तसाच ठेवा, म्हणजे पेशंट श्वासाबद्दल सावध होत नाही. आता छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजा. तीस सेकंद मोजून दुप्पट करू नका. मानेचे स्नायू ओढले जातायत का, बोलताना वाक्य तुटतंय का, तेही पाहा. बालरोग वॉर्डात दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्याचा ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त असेल तर तो जलद श्वास. हे आकडे तोंडपाठ हवेत. इतक्या नीट केलेला एक टीपीआर राउंड एका लेक्चरपेक्षा जास्त शिकवून जातो.

समाजआरोग्याच्या पोस्टिंगमध्ये घरभेटीचं उद्दिष्ट काय असतं?

बऱ्याच गटांच्या घरभेटी फॉर्म भरण्यातच संपतात. उद्दिष्ट असतं त्या घरात काहीतरी बदल घडवण्याचं. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ९ आहे आणि लोहाच्या गोळ्या घरात पडून आहेत. 'गोळ्या घेत जा' असं सांगून निघालात तर काही होणार नाही. का घेत नाही ते विचारा. मळमळतं, शौचाला काळी होते म्हणून भीती वाटते, सासूबाई म्हणतात बाळ मोठं होईल. प्रत्येक कारणाला उत्तर वेगळं. चहाबरोबर नको, जेवणानंतर थोड्या वेळाने, लिंबूपाण्यासोबत घ्या, हे सांगा आणि मग तिच्याच तोंडून परत वदवून घ्या. सासूबाईंना बाजूला बसवा, त्यांना वगळून हे काम होत नाही. पुढच्या भेटीत गोळ्या मोजा.

समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला लागणारी कौशल्यं आता पदवीच्या अभ्यासक्रमातच घेतलेली आहेत. आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे हे अधिकारी जिथे नेमले जातात त्या सरकारी आरोग्य केंद्रात, काम करायचं असेल तर ही पोस्टिंग सुट्टीसारखी घालवू नका.

इंटर्नशिपमध्ये वेगळं काय अपेक्षित असतं?

बावीस आठवडे, आठवड्याला ४८ तास. प्रौढांच्या परिचर्येला सहा आठवडे, बाकी चार क्षेत्रांना प्रत्येकी चार. आता 'एक पेशंट, एक केअर प्लॅन' एवढ्यावर भागत नाही. अनेक पेशंटमधून आधी कोणाकडे जायचं, हे ठरवता आलं पाहिजे.

लेबर रूममध्ये झटके आलेल्या बाईला मॅगसल्फ (झटके थांबवणारं मॅग्नेशियम सल्फेट) चालू आहे. पुढचा डोस देण्याआधी गुडघ्याचा रिफ्लेक्स आहे का, श्वास मिनिटाला किमान १६ आहे का, लघवी तासाला किमान ३० मिलिलिटर होतेय का, हे तुम्ही तपासता. यातलं एकही कमी असेल तर डोस थांबवून डॉक्टरांना बोलावता, आणि त्यावरचा उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी तयार असतं. शेजारच्या टेबलावर दुसरीचं डोकं दिसायला लागलंय. अशा वेळी कुणाला हाक मारायची आणि स्वतः कुठे थांबायचं, हे कळणं म्हणजे इंटर्नशिपचं उद्दिष्ट पूर्ण होणं.

मुलांना, म्हणजे ब्रदर्सना, प्रसूतीविद्येची उद्दिष्टं वेगळी असतात का?

नाही. पदवी एकच, उद्दिष्टंही तीच. बाईची संमती आणि खासगीपणा जपणं मात्र मुलगा असो की मुलगी, दोघांनाही तितकंच बंधनकारक आहे.

संशोधन कशाला? आम्हाला तर वॉर्डातच काम करायचंय.

म्हणूनच. 'आमच्याकडे पहिल्यापासून असंच करतात' या उत्तराला प्रतिप्रश्न करता यावा, एवढंच पदवीच्या पातळीवर अपेक्षित आहे. ऑपरेशनआधी ब्लेडने केस काढल्याने जखमेच्या संसर्गाचा धोका वाढतो, हे अभ्यासांतूनच पुढे आलं, आणि गरज असेल तरच क्लिपरने काढावेत अशी शिफारस झाली.

कॉलेज निवडताना पालकांनी काय पाहावं?

इमारत आणि कॉम्प्युटर लॅब नंतर पाहा. स्वतःचं किमान शंभर खाटांचं रुग्णालय आहे का आणि त्या खाटांवर खरोखर पेशंट आहेत का, हे सकाळी दहाच्या सुमाराला जाऊन डोळ्यांनी बघा. महिन्याला किती बाळंतपणं होतात, मानसोपचाराची पोस्टिंग कुठे असते, तिथे नेण्याआणण्याची सोय कोण करतं, ट्यूटर वॉर्डात किती वेळ असतात, हे विचारा. तिसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थिनींशी कॉलेजच्या माणसांशिवाय बोला. मान्यता त्या शैक्षणिक वर्षाची आहे का, ते परिषदेच्या आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळांवर स्वतः तपासा.

पोस्टिंगसाठी स्वतःची उद्दिष्टं कशी लिहू?

आठवड्याला दोन किंवा तीन, खिशातल्या छोट्या वहीत. 'आयसीयू शिकायचं' असं नको. 'या आठवड्यात व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटची तोंडाची निगा सिस्टरसमोर करणार, डोकं ३० ते ४५ अंशांवर का ठेवतात ते त्यांना सांगणार' असं लिहा. सोमवारी सकाळी ते इन्चार्ज सिस्टरना दाखवा. काय शिकायचंय हे नेमकं सांगणाऱ्या विद्यार्थ्याला बहुतेक सिस्टर आपण होऊन बोलावून घेतात. शनिवारी जे राहिलं असेल ते पुढच्या पानावर उतरवा.

अधिकृत उद्दिष्टांची प्रत कुठे मिळेल?

भारतीय परिचर्या परिषदेच्या संकेतस्थळावर पूर्ण अभ्यासक्रम उपलब्ध आहे. प्रत्येक विषयाच्या सुरुवातीला त्याच्या क्षमता, पुढे घटकवार तास आणि शिक्षण-निष्पत्ती, आणि क्लिनिकलच्या तक्त्यात कोणत्या वॉर्डात किती आठवडे आणि काय करायचं ते दिलेलं असतं. सगळी प्रत छापू नका, फार मोठी आहे. चालू सेमिस्टरचे क्लिनिकलचे तक्ते तेवढे छापून लॉगबुकला आतून चिकटवा.